खाजेची गोळी

उजवा तळहात खाजला की पैसा येतो, अशी आपली जुनी समजूत आहे. ती खरी असती तर यवतमाळ जिल्ह्यात दिवाळीनंतर घरोघरी रोकड मोजायला माणसं ठेवावी लागली असती. कापसाची वेचणी लागली, की इथे तळहातच काय, मनगटं, कोपरं, मान, पोटऱ्या, जे उघडं असेल ते सगळं खाजतं. फुटलेल्या बोंडाची वाळकी टोकं बोटं ओरबाडतात, पाल्याचा चुरा घामाला चिकटतो, आणि वेचणीची मजुरी किलोवर असल्यामुळे खाजवायला हात मोकळा करणंही परवडत नाही. पैसा येतो तो खाजेकडे दुर्लक्ष करणाऱ्या हाताला.

वेचणीच्या आधी सोयाबीन असतं. मळणीचा हडंबा सुरू झाला, की शेंगांवरची बारीक कूस आणि भुसा मिळून असा काही धुरळा उडतो, की संध्याकाळी घरी आलेल्या माणसाला कोणी जवळ घेत नाही आणि तो स्वतः मात्र स्वतःला सोडत नाही. त्याच्याही आधी पावसाळा, म्हणजे ओले कपडे, जांघेतलं गजकर्ण, पायाच्या बोटांतल्या चिखल्या. त्याआधी पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा आणि पाठभर घामोळं. जिल्ह्यातल्या पिकांना खरीप आणि रब्बी असे हंगाम आहेत. खाज बारमाही आहे, आणि तिला सिंचन लागत नाही.

आमच्या चौकातल्या मेडिकलच्या काउंटरला मी पुष्कळदा काही काम नसताना टेकलेला असतो. वर्तमानपत्र फुकट मिळतं आणि गावाची तब्येत कळते. तिथे दिवसभरात सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारा संवाद असा:

“भाऊ, खाजेची गोळी द्या.”

“किती?”

संपला. कुठे खाजतं, कधीपासून, रात्री वाढतं का, घरात अजून कोणाला आहे, यातलं एक अक्षर नाही. गोळीचं नाव कधी एविल असतं, कधी सेट्रिझिन, आणि सरकारी आरोग्य केंद्रातून आणलेली असेल तर सीपीएम. नाव कोणालाच नको असतं. तापाची गोळी, तशी खाजेची गोळी. गंमत म्हणजे रांगेत पुढच्याने ‘खाजेची’ म्हटलं, की मागचे दोघे-तिघे नकळत आपापली मान, बाही चाचपू लागतात. जर्मनीत काही डॉक्टरांनी खाजेवर जाहीर व्याख्यान ठेवून श्रोत्यांवर कॅमेरे लावले होते. ढेकूण-पिसवांची चित्रं पडद्यावर आली की सभागृहात खाजवणं वाढायचं, मऊ निरोगी कातडीची चित्रं आली की कमी व्हायचं. हा अभ्यास २००० साली छापून आला. आमच्या मेडिकलवाल्याला तो कधीपासूनच ठाऊक आहे, त्याने फक्त छापला नाही.

चार दिवसांनी तोच गिऱ्हाईक परत येतो. “गोळी लय चांगली होती भाऊ, अजून एक पत्ता द्या.” खाज गेली का, असं मी मध्येच नाक खुपसून विचारलं, की तो जरा विचारात पडतो. “खाज हायच. पण झोप मस्त लागते.”

या उत्तराने मला नादी लावलं. खाजेची गोळी खाऊन खाज जात नाही, तरी माणूस समाधानी, हा काय प्रकार आहे? माझे एक स्नेही त्वचारोगतज्ज्ञ आहेत. त्यांच्याकडे मी हा प्रश्न नेला तेव्हा ते आधी हसले. मग म्हणाले, “गोळीचा काही दोष नाही. तिला एकच काम येतं. आपण तिला गावभरची कामं सांगतो.”

ते एक काम कोणतं, ते गांधी उठतात तेव्हा दिसतं. कोणाच्या अंगावर पित्त उठलेलं तुम्ही पाहिलं असेल. बघता बघता लालसर, फुगीर चट्टे येतात, एका जागी विरतात आणि दुसऱ्या जागी उगवतात. आमच्याकडे त्यावर आमसुलाचं पाणी चोळतात, गेरू लावतात, घोंगडीत गुंडाळून बसवतात. या सगळ्या उपायांना हमखास गुण येतो. कारण गांधीचा एकेक चट्टा काही केलं नाही तरी बहुतेक वेळा चोवीस तासांच्या आत, मागे डागही न ठेवता, आपला आपण जातो. अशा आजारावर उपाय सांगणाऱ्याचं नाव कधी खराब होत नाही.

या गांधीच्या मागे जो असतो तो हिस्टामाइन. आपल्या कातडीखाली, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंच्या आजूबाजूला, मास्ट नावाच्या पेशी बसलेल्या असतात. पाउल एर्लिख या जर्मन विद्यार्थ्याने १८७८ साली आपल्या प्रबंधासाठी शरीरातल्या ऊतींचे काप रंगवून पाहिले, तेव्हा त्याला या पेशी दाण्यांनी गच्च भरलेल्या दिसल्या. त्याला वाटलं, या आजूबाजूचं खाऊन सुस्तावलेल्या आहेत. प्रत्यक्षात त्या दाण्यांत हिस्टामाइनचा साठा होता, आणि पेशी सुस्त तर मुळीच नव्हत्या. एखादं औषध, एखादा पदार्थ, गांधीलमाशीचा डंख, कधी नुसता गार वारा, कधी काहीच नाही, असल्या निमित्ताने त्या साठा फोडतात. हिस्टामाइन सुटला की बारीक रक्तवाहिन्या सैल होतात, गळू लागतात, कातडी लाल होऊन फुगते, आणि जवळच्या मज्जातंतूंना तो डिवचतो. मेंदूकडे तार जाते आणि मेंदू हाताला कामाला लावतो.

हा पदार्थ शरीरात इतके उद्योग करतो, हे १९१० साली हेन्री डेल आणि त्याच्या सहकाऱ्याने इंग्लंडमध्ये दाखवलं. पुढे लंडनच्या थॉमस लुइस याने माणसांच्या हातावर रेघा ओढून ओढून सगळं बारकाईने टिपलं. आधी लाल रेघ, मग तिच्याभोवती लाली, मग रेघेवर फुगवटा. हे हिस्टामाइनचंच काम दिसतं, पण हातात पुरावा नाही, म्हणून लुइसने त्या पदार्थाला नुसतं ‘एच’ म्हणून ठेवलं. शंका आली तर अर्धंच नाव घ्यायचं, ही सभ्यता मला फार आवडते. आपल्याकडे चारचौघांत संशयिताचं पूर्ण नाव, गाव आणि सासरवाडी सांगितल्याशिवाय बैठक उठत नाही. काही लोकांच्या पाठीवर बोथट काडीने नाव लिहिलं तर ते पाच मिनिटांत उठून दिसतं. तेही याच घराण्यातलं.

आता गोळी. ती कशी चालते हे सांगताना डॉक्टरांनी कुलूप-किल्ली काढली, पण मला ते पटेना. कुलपाशी आपला संबंध दिवसातून दोनदा, आणि तोही शांतपणे. मला एसटी जवळची वाटली. यवतमाळच्या स्थानकावर पुसदची गाडी लागते, आणि दार उघडायच्या आत खिडकीतून एक रुमाल सीटवर पडतो. बस्स. सीट धरली गेली. पेशींच्या पृष्ठभागावर हिस्टामाइनसाठी ठरावीक जागा असतात, त्यांना एच-१ ग्राहक म्हणतात. हिस्टामाइन त्या जागेवर बसला तरच सूज, लाली आणि खाज. गोळी येते आणि त्या जागांवर रुमाल टाकून ठेवते. हिस्टामाइन गाडीत चढतो, सगळीकडे रुमाल पाहतो आणि ताटकळत उभा राहतो.

हे एकदा एसटीतून पाहिलं, की डॉक्टर ज्या गोष्टी सांगून सांगून थकतात त्या आपोआप कळतात. रुमाल आधी टाकावा लागतो. एकदा माणूस बसला, की त्याच्या मांडीवर रुमाल टाकून तो उठत नाही. सहा आठवड्यांहून जास्त दिवस गांधी उठत असतील, तर गोळी चट्टे उठल्यावर नव्हे, रोज घ्यायची असते, ती याचमुळे. आणि गर्दी फार असेल तर एका रुमालाने भागत नाही. नव्या गोळ्यांचा डोस अशा वेळी चौपटीपर्यंत नेता येतो, मात्र तो डॉक्टरांनी न्यायचा, आपण नाही. शास्त्रज्ञ इथे एक दुरुस्ती सुचवतात. ही सीट रिकामी असतानाही आपली आपण थोडी कुरकुरत असते, आणि गोळी जागा नुसती अडवत नाही, ती कुरकुरही बंद करते. एसटीच्या सीटशी जुळत नाही असं यात काहीच नाही.

पहिला रुमाल १९३७ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झाला. दानिएल बोव्हे आणि त्याच्या विद्यार्थिनीने जनावरांवर हिस्टामाइनला अडवणारं द्रव्य शोधलं, पण ते माणसाला देण्याइतकं सौम्य नव्हतं. माणसाला चालेल असं औषध १९४२ साली फ्रान्समध्येच वापरात आलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत सिनसिनाटीला जॉर्ज रिव्हशल या रसायनशास्त्रज्ञाच्या हाती डायफेनहायड्रामाइन लागलं. तेच आपल्याकडे बेनाड्रिल म्हणून खोकल्याच्या बाटलीत आलं, आणि एका पिढीच्या आयांना कळलं की लेकरू खोकायचं थांबो न थांबो, निजतं नक्की. बोव्हेला १९५७ साली नोबेल मिळालं. खाजेच्या गोळीला नोबेल, हे चौकात सांगितलं तर कोणी विश्वास ठेवत नाही.

झोपेचं कोडं इथेच सुटतं. हिस्टामाइन नुसता कातडीत नसतो, मेंदूतही असतो, आणि तिथे त्याचं काम अगदी वेगळं आहे. मेंदूच्या गाडीत तो ड्रायव्हरशेजारी बसून त्याला जागं ठेवतो. एविल, सीपीएम, बेनाड्रिल, हायड्रॉक्सिझिन ही जुन्या पिढीतली औषधं कातडीच्या गाडीत रुमाल टाकून थांबत नाहीत, मेंदूच्या गाडीतही शिरतात आणि तिथलीही सीट धरतात. ड्रायव्हरला डुलकी लागते. नव्या पिढीच्या गोळ्यांना मेंदूच्या दारावरचा कंडक्टर बहुतेक वेळा खाली उतरवतो. सेट्रिझिन थोडी हुज्जत घालून थोडी आत जाते, म्हणून काहींना तिनेही पेंग येते. फेक्सोफेनाडिन दारातूनच परत फिरते.

या नव्या गोळ्या सापडल्या कशा, तो भाग मला सगळ्यात रंजक वाटतो. जुनं हायड्रॉक्सिझिन पोटात गेलं की आपलं शरीर त्याला थोडं घासून-पुसून सेट्रिझिन करून टाकतं. टरफेनाडिन नावाचं एक औषध हृदयाचे ठोके बिघडवतं म्हणून बाजारातून काढावं लागलं, आणि त्याचं शरीराने केलेलं रूप म्हणजे फेक्सोफेनाडिन, जे तसं करत नाही. म्हणजे मोठमोठ्या प्रयोगशाळांना जे सुधारायचं होतं, ते आपलं यकृत आधीपासून बिनपगारी सुधारत होतं. कोणीतरी फक्त तिकडे लक्ष दिलं.

इथवर गोळीची बाजू झाली. आता जिल्ह्याची बाजू.

जंगलाच्या कडेला, कुंपणावर, खाजकुयलीचा वेल चढलेला असतो. हिवाळ्यात त्याच्या शेंगा तपकिरी मखमलीसारख्या दिसतात, आणि शाळेत ज्याच्यावर राग असेल त्याच्या कॉलरमध्ये ती मखमल झटकली, की पुढचे दोन तास कोणताच विषय शिकवता येत नाही. त्या कुसळांत हिस्टामाइन असेल असं कोणालाही वाटेल. नाही. फिलाडेल्फियाच्या शेली आणि आर्थर या जोडीने १९५५ साली दाखवलं, की त्यात प्रथिनं तोडणारा एक विकर आहे. पुढे २००८ साली कळलं, की तो मज्जातंतूंवरच्या वेगळ्याच जागा पकडतो. खाजेच्या तारा दोन आहेत, एक हिस्टामाइनची आणि एक याची. हिस्टामाइनची तार पूर्ण बंद करून कातडीवर खाजकुयलीचं कुसळ टोचलं, तरी खाज तेवढीच येते. पुसदच्या गाडीत रुमाल टाकून ठेवला आणि पाहुणा वणीच्या गाडीने आला, असं ते आहे. खाजेच्या अभ्यासाची ही क्रांती आमच्या कुंपणावर लोंबत होती, आणि आम्ही तिचा उपयोग फक्त मित्रांच्या कॉलरमध्ये केला.

मग बिबा आहे. आमच्या सागाच्या जंगलात तो असतो, गोडंबी सगळ्यांना आवडते, आणि ती फोडणाऱ्याच्या हातावर कधीतरी बिबा उततोच. काळे चट्टे, फोड, आग आणि खाज. कपड्यांवर खुणा करायला धोबी बिब्याचा रस वापरत. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकी शिपायांच्या मानेवर नेमक्या त्या खुणेच्या जागी पुरळ उठू लागलं, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी १९४३ साली त्यावर लेख लिहिला. गाजर गवताचीही हीच जात. १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा लक्षात आलेलं हे परदेशी गवत आता आमच्या प्रत्येक धुऱ्यावर आहे, आणि ज्याला ते बाधतं त्याचा चेहरा, मान, कोपराचा खळगा वर्षानुवर्षं जाड आणि काळा पडत जातो. बिबा असो की गाजर गवत, इथे भांडण उकरणाऱ्या टी-पेशी असतात. त्या एक-दोन दिवस विचार करून मग भडकतात, आणि त्यांच्या भांडणात हिस्टामाइन फार तर दूरचा साक्षीदार. अशा ठिकाणी गोळी रुमाल टाकत राहते आणि गाडी रिकामीच जाते. एक्झिमाचंही बरंचसं असंच आहे. तिथली खाज दुसऱ्याच रसायनांच्या हातात असते, त्यावर वेगळी औषधं लागतात, आणि त्याहून आधी तेल-मलम लावून कातडी ओलसर ठेवावी लागते.

गजकर्णाची कथा जरा रागाची आहे. बुरशीला मारल्याशिवाय ते जात नाही, हे साधं आहे. पण लोक आधी गोळी घेतात, मग शेजाऱ्याने सांगितलेलं तीन-चार औषधांची खिचडी असलेलं मलम घेतात. त्यात स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, लाली उतरते, आणि आतल्या आत बुरशी आरामात गावभर पसरते. सरकारने २०१८ साली अशी स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. बंदी आणि आमचा चौक यांची अजून नीटशी ओळख झालेली नाही.

आणि एका खाजेशी थट्टा करू नये. २०१७ च्या खरिपात फवारणी करताना विषबाधा होऊन याच जिल्ह्यातले शेतकरी आणि शेतमजूर गेले. फवाऱ्याचं पाणी अंगावर आल्यावर जी आग आणि खाज सुटते, ती गोळीने दाबायची नसते. कपडे काढायचे, साबणाने अंग धुवायचं आणि मळमळ, घाम, अंधारी असं काही वाटलं तर तडक दवाखाना गाठायचा. तसंच अंगावर काहीच उठलेलं नाही आणि तरी महिनोन्‌महिने सगळं अंग खाजतं, तेव्हा यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड यांची चौकशी करावी लागते. कातडी कधीकधी आतल्याची तक्रार बाहेर मांडते.

मग एवढ्या सगळ्या खाजांत खाजेची गोळी उपयोगाची तरी किती, असं मी डॉक्टरांना विचारलं. गोळीला वाईट म्हणायला मी थोडा उतावीळ झालो होतो. त्यांनी माझा उत्साह थंड केला. “दिवसभर वाकून कापूस वेचलेल्या बाईला रात्रभर खाजवत बसावं लागलं, तर दुसऱ्या दिवशी ती किती किलो वेचेल? ती झोपते हे कमी आहे का?”

कमी नाही. जर्मन वैद्य सॅम्युअल हाफेनरेफर याने १६६० साली खाजेची जी व्याख्या केली ती अजून कोणी बदललेली नाही: खाजवावंसं वाटायला लावणारी नकोशी जाणीव. म्हणजे खाजेत अर्धा भाग खाजवणाऱ्याचा. त्याला निजवलं की निम्मा प्रश्न तेवढ्यापुरता निजतो. खरं तर झोपेतही हात चालू असतो, पण तक्रार करणारा जागा नसतो. खाजवून खरूज काढणे, असं आपण भांडखोर माणसाला म्हणतो, पण त्यात शास्त्रही आहे. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी काही उंदरांच्या गळ्यात खाजवता येऊ नये अशा कॉलरी घातल्या. ज्यांना खाजवता आलं त्यांच्या कातडीची सूज जास्त वाढली, कारण खाजवल्याने मास्ट पेशी आणखी चेकाळतात. हा अभ्यास २०२५ चा. त्याच अभ्यासात असंही दिसलं, की खाजवल्याने कातडीवरचे काही जंतू कमी होतात. तेव्हा खाजवणारे अगदीच वेडे नसतात, हेही नोंदलेलं बरं.

पण झोप म्हणून ही गोळी घ्यायची तर तिच्या अटीही ऐकाव्या लागतात. तिचा अंमल सकाळी उठल्याबरोबर उतरतोच असं नाही. रात्री एविल घेऊन पहाटे ट्रॅक्टर चालवणारा, मोटारसायकलवर दुधाचे कॅन लादून दारव्ह्याच्या रस्त्याला लागणारा, किंवा हडंब्याच्या तोंडाशी पेंढ्या सारणारा माणूस, यांना एक डुलकी बोटं किंवा जीव घेऊन जाते. वर संध्याकाळची घेतलेली असेल तर विचारायलाच नको. तोंडाला कोरड पडते. म्हाताऱ्यांना गोंधळल्यासारखं होतं. आणि आणखी एक अडचण आहे, जी पुरुष उतारवयात आपसातही दबक्या आवाजात बोलतात.

ती अडचण परवा चौकात मोठ्या आवाजात निघाली. होस्टेलवरून सुट्टीला आलेल्या नातवाने घरात खरूज आणली होती. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती पुरळ, आणि रात्र झाली की सगळं घर तबल्याच्या तालात खाजवतंय. यावेळी ते डॉक्टरांकडे जाऊन आले होते. मुलगा, सून, नातू आणि मागे काठी टेकत आजोबा, अशी अख्खी फौज चिठ्ठी घेऊन मेडिकलवर आली. चिठ्ठीत पर्मेथ्रिनचं मलम होतं, घरातल्या प्रत्येकाला वेगळी नळी. गळ्यापासून तळपायापर्यंत, नखांच्या खालीही, एकाच रात्री सगळ्यांनी लावायचं, सकाळी धुवायचं, आठवड्याने पुन्हा. गोधड्या, कपडे गरम पाण्यात. खाली दोन ओळी गोळीच्या, कारण किडा मेला तरी त्याच्या मेलेल्या अंगाशी कातडीचं भांडण दोन ते चार आठवडे चालू राहतं, आणि तेवढे दिवस खाज असते.

मेडिकलवाल्याने नळ्या मोजल्या. आजोबांनीही मोजल्या आणि एक कमी करायला सांगितली.

“मले कायले लावता? मले कुठं खाज हाय?”

“बाबा, डॉक्टरनं सगळ्यायले सांगतलं,” मुलगा म्हणाला.

“सगळ्यायले म्हंजे ज्यायले खाजते त्यायले.”

तेव्हा इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा आमच्या मेडिकलवाल्याला ‘किती’च्या पलीकडे जाताना पाहिलं. त्याने काउंटरवर हात टेकून समजावलं, की किडा पहिल्यांदाच अंगात शिरला असेल तर कातडीला त्याचा पत्ता लागायला चार ते सहा आठवडे जातात. आज खाज नाही म्हणजे किडा नाही असं नसतं. घरात एक जण सुटला की तो बाकीच्यांना परत देतो.

आजोबांनी ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, “असन. पण मलम मी नाई लावत. अख्ख्या आंगाले चिकट चिकट घेऊन कोन झोपन? मले थे गोळी द्या. खाज आली त जाईन, नाई आली त झोप लागन.”

मला वाटलं, हा युक्तिवाद खोडणं कठीण आहे. चिठ्ठीवरची गोळी जुन्या पिढीची होती. मेडिकलवाल्याने तिच्याकडे पाहिलं, मग आजोबांकडे.

“आजोबा, रात्री लघवीले किती डाव उठता?”

आजोबांनी सुनेकडे पाहिलं. सून भिंतीवरची टूथपेस्टची जाहिरात वाचू लागली.

“चार-पाच डाव,” ते हळूच म्हणाले. “कवा सहा.”

“या गोळीनं थे अडू शकते. मंग दवाखान्यात नळी टाका लागते.”

आजोबा काही क्षण काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. मग मुलाच्या हातातल्या पिशवीकडे वळले.

“आन थे मलम. अन माह्या पाठीले कोन लावून देईन, थे इथंच ठरवून घ्या.”